आदी आजा

आमच्या घरात आजाच्या आधी कुणी काही तोंडात घालत नाही. घातलं तर काय होतं ते मला माहीत आहे, कारण लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी घातलेलं. सकाळच्या चहाबरोबर एक बटर, बस्स. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाचा नैवेद्यच उष्टा केला. माझं माहेर ठाण्याचं, कोपरीचं. तिकडे ज्याला आधी भूक लागेल तो आधी जेवतो, आणि तरी आम्ही सगळे धडधाकट आहोत. पण डोंबिवलीत, एमआयडीसीला खेटून असलेल्या या गावात, माझे सासरे गोमाजी म्हणजे घरातले मोठे, आणि मान मोठ्याचा. पहिला चहा त्यांना. कालवणाची पहिली वाटी त्यांना. नवी खुर्ची आली की आधी ते बसणार. फ्रिज घेतला तेव्हा त्यातलं पहिलं गार पाणी त्यांनीच प्यायलं आणि दोन दिवस घसा धरून बसले. पण मान तो मान.

मयुरी, माझी मुलगी, नीट चालायला लागायच्या आधीच सासूबाईंनी तिला हे शिकवून ठेवलेलं. बिस्किट हातात द्यायचं नाही, नाकासमोर धरायचं आणि विचारायचं, "आदी कोन?" पोरगी बिचारी लाळ गाळत म्हणायची, "आदी आजा!" मग तिने ते बिस्किट दुडूदुडू नेऊन आजाच्या तोंडाला लावायचं, आजाने एक कोपरा चावायचा, आणि उरलेलं हिचं. आळीतल्या बायका बघून म्हणायच्या, "काय गो बाय संस्कार!" मी मनात म्हणायचे, संस्कार कसले, जकात नाका आहे.

ती दीड वर्षाची झाली आणि तिची छाती वाजायला लागली.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. वारा कंपन्यांच्या बाजूने फिरला की गावात वास यायचा, कधी कुजलेल्या कोबीसारखा, कधी नुसता नाकाला झोंबणारा. जिथे आता कंपनीची चिमणी आहे तिथे आमचं भाताचं शेत होतं. ते विकून हा दोन मजली बंगला बांधलेला, फरशी, गच्ची, सगळं. त्यामुळे त्या वासाला वास म्हणायची घरात बंदीच. "हवा बदललीय," असं म्हणायचं. हवा बदलली की मयू खोकायची, रात्रभर मांडीवर उभी धरावी लागायची, आणि श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खड्डे पडायचे.

सासूबाईंनी सगळं केलं. ओव्याची पुरचुंडी झाली, लसूण घालून कढवलेलं तेल झालं, मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या नाहीत म्हणून म्हणाल्या, "बघ, नजर हाय." चूल ओली होती ते मी बोलले नाही. शेवटी मीच पोरीला उचलली आणि स्टेशनजवळच्या शीला डॉक्टरांकडे नेली. त्यांनी छाती तपासली, मला बसवलं आणि सरळ सांगितलं, "बालदमा आहे. घाबरायचं नाही. पण औषध पोटात देण्यापेक्षा श्वासातून द्यायचं."

त्यांनी जे दिलं ते घेऊन मी घरी आले आणि टेबलावर ठेवलं. हाताच्या अंगठ्याएवढा पंप. त्याच्यासोबत पाण्याच्या बाटलीएवढं प्लास्टिकचं नळकांडं. एका टोकाला पंप खुपसायचा, दुसऱ्या टोकाला लहान पोराच्या नाकातोंडावर बसेल असा मऊ मास्क. पंप दाबला की औषध नळकांड्यात जातं आणि मूल आपलं सावकाश श्वास घेत राहतं. इतकं सोपं.

घरात जणू मी बाँब आणून ठेवला.

"पंप विहिरीला लावतात," सासरे म्हणाले, "पोरीला नाय."

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या दमा आहे."

"हलू बोल! आळीत कुनी ऐकलं तर पोरीच्या लग्नाला आडवं येल. आमच्या खानदानात कुनाला दमा नाय." हे एवढं बोलताना ते मध्ये दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा खाकरले. पण ते खाकरणं दम्याचं नव्हतं हो. तो 'कफ' होता. वीस वर्षं तोच कफ. जिना चढताना ते मधल्या वळणावर कठडा धरून उभे राहायचे, खिडकीतून बाहेर बघत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शेत बघतोय." त्या खिडकीतून दिसायची फक्त कंपनीची भिंत. पण मोठ्या माणसाने शेत बघतोय म्हटलं की शेत असतं.

आमचे हे, म्हणजे पंढरी, फार गुणी. वडील बोलले की मान डोलावणार, मी बोलले की मान डोलावणार. त्यांची मान दुखत कशी नाही याचंच मला नवल वाटायचं. मी म्हटलं, "अहो, पोर तुमची पण आहे ना? की नुसती माझीच?" तेव्हा कुठे गडी उठून नळकांडं धरायला आला.

पण पोरगी घेईल तर ना! मास्क जवळ आणला की तिने मान फिरवली. बाहुलीला लावून दाखवला, तिने बाहुली फेकली. मी लावून घेतला, ह्यांनी लावून घेतला आणि हत्तीचा आवाज काढला, तर ती पलंगाखाली. शीला डॉक्टर म्हणालेल्या, "जबरदस्ती करू नका, रडली तर औषध आत जात नाही. खेळ करा. घरात ज्याचं बघून ती शिकते, त्याने आधी करून दाखवायचं." मी म्हटलं, आम्ही आई-बाप करून दाखवतोय, अजून कोण पाहिजे? रोज तोच तमाशा. एकदा आम्ही दोघांनी हातपाय धरून जबरदस्ती केलीच. ती इतकी किंचाळली की काळीनिळी पडली, आणि सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मारा, मारा पोरीला त्या पंपाने." मी तो पंप भिंतीवर फेकणार होते. फेकला नाही, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

मग तो दिवस आला. संध्याकाळची वेळ, दिवेलागण झालेली, आणि हवा अशी बदललेली की डोळ्यांतून पाणी. मयू खेळता खेळता खाली बसली. ओठ पांढरे, मान पुढे काढलेली, आणि छातीतून शिट्टी. रडायलासुद्धा तिच्यात दम नव्हता. मी पंप हलवला, नळकांड्यात खुपसला, मास्क तिच्याजवळ नेला. तिने इवल्याशा हाताने तो बाजूला केला. परत नेला, परत बाजूला केला. मी म्हटलं, "घे गं माझी बाय, घे, आईचं ऐक."

आणि ती, एकेका श्वासाला एकेक शब्द, म्हणाली, "आदी... आजा."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि असा संताप आला की सांगता सोय नाही. शिकवलं होतं ना, नव्या गोष्टीचा पहिला मान आजाचा? पोरगी शिकली होती. जीव जायची वेळ आली तरी शिकलेलं विसरली नव्हती. आम्ही मेले उगाच हत्तीचे आवाज काढत बसलेलो.

सासरे खुर्चीत बसलेले. मी मास्क त्यांच्यापुढे धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "बाबा, घ्या!"

"मना कनाला? मना काय झालंय?"

"तुम्हाला काही झालेलं नाही. पोरीला झालंय. घ्या म्हणते ना!"

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. ह्यांनी मान डोलावली नाही, हे मी मुद्दाम सांगते. सासऱ्यांनी पोरीकडे बघितलं. मग मास्क घेऊन नाकाला नुसता टेकवला, न टेकवल्यासारखा, आणि लगेच काढला. "घेतला. चल."

मयूने मान हलवली. "फुस नाय झालं."

पोरगी शेवटी त्यांचीच नात. बिस्किटाचा कोपरा खरंच चावला की नुसतं तोंड लावलं, हे ती रोज तपासायची. गोमाजींना पळवाट नव्हती. त्यांनी मास्क नाकातोंडावर दाबला, मी पंप दाबला, फुस्स, आणि त्यांनी श्वास घेतला. चांगला खोल घेतला. मी पुसून मास्क पोरीकडे नेला, आणि तिने गपचूप तोंड पुढे केलं. फुस्स. मी तिला छातीशी धरून बसले. हळूहळू ती शिट्टी बारीक झाली, खड्डे भरले, आणि तिने माझ्या पदराला नाक पुसलं. मी ढसाढसा रडले. सासूबाईही रडल्या. सासरे म्हणाले, "कायतरी कडू हाय," आणि गच्चीवर निघून गेले.

गच्चीवर जाताना ते शेत बघायला थांबले नाहीत. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ पंपाचा सोहळा सुरू झाला. आजा खुर्चीत, नात समोर स्टुलावर. "आदी कोन?" "आदी आजा!" फुस्स. मग तिचा. पोर एका आठवड्यात अशी तयार झाली की स्वतःच मास्क धरायची. सासूबाई आळीत सांगत फिरायच्या, "आमची मयू हसत हसत घेते." कशाचा पंप, कशासाठी, ते सांगायच्या नाहीत. ताकदीचं औषध आहे म्हणायच्या. सासरे रोज कपाळाला आठ्या घालून बसायचे आणि रोज म्हणायचे, "पोरीसाठी काय काय करावं लागतंय." पण मला एखाद्या दिवशी उशीर झाला तर तेच खाकरून विचारायचे, "पोरीची टायम झाली ना?"

आणि माणूस बदलत चालला. उशांना टेकून बसून झोपायचा, तो आडवा झोपायला लागला. खाली नाक्यापर्यंत चालत जाऊन मासळी आणायला लागला आणि परत येऊन कोळणीने कसं फसवलं ते न थांबता सांगायला लागला, म्हणजे तोही एक त्रासच. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या वडिलांना दमा आहे." हे म्हणाले, "गप्प बस, ऐकतील."

तपासणीला जाताना मी मुद्दाम सासऱ्यांना सोबत नेलं. डॉक्टरांनी मयूच्या छातीला नळी लावायला घेतली, आणि माझी गुणाची पोर म्हणाली, "आदी आजा." शीला डॉक्टर हुशार बाई. हसल्या, आणि नळी गोमाजींच्या छातीला लावली. मग हसायच्या थांबल्या. पाठीला लावली. "आजोबा, हा त्रास किती वर्षांचा?"

"कसला त्रास? नुसता कफ हाय."

"हा दमा आहे. नातीसारखाच. तुमचा वेगळा पंप लागेल, तुमच्या वयाच्या मापाने. पोरीचा वापरायचा नाही."

"तुमच्या नळीत बिघाड असंल," सासरे म्हणाले आणि टोपी घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

मी त्यांचा पंप आणि मोठा मास्क घेतला. घरी येऊन म्हटलं, "बाबा, तुमचं उष्टं पोरीला नको, सर्दीबिर्दी लागते. तुम्ही आपला हा धरायचा. आहे पोरीसाठीच." त्यांनी उलटसुलट करून बघितला. "पोरीसाठी हाय ना?" "पोरीसाठीच." "मग ठीक हाय." अशी ही आमची वाटाघाटी. यापेक्षा जमिनीचे सौदे लवकर होत असतील.

अशी वर्षं गेली. मयू शाळेत जायला लागली. एका पावसाळ्यानंतर डॉक्टर म्हणाल्या, छाती स्वच्छ आहे, रोजचा पंप बंद करून बघू. मी देवाला नारळ फोडला. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि मटण केलं. सासऱ्यांनी स्वतःचा पंप उचलून फळीवर ठेवला, अगदी मागे. "सुटलो बाबा एकदाचा. पोर बरी झाली."

मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही चालू ठेवा."

"कनाला? मना काय झालंय?"

पुन्हा पहिल्यापासून. आता सांगणार काय आणि कुणाच्या नावाने? मी आर्जवं केली, भांडले, दोन दिवस बोलले नाही. त्यांना बरंच वाटलं असेल. महिना गेला असेल नसेल, आणि ते जिन्याच्या वळणावर पुन्हा शेत बघायला लागले. झोपताना उशा वाढल्या. मी भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने पंप घेतला असता.

पुढच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिरांची हळद होती, आमच्याच अंगणात. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अख्खं गाव, ठाण्या-कल्याणचे पाहुणे, तीन दगडांवर टोपं चढलेली, लाकडांचा धूर, आणि वर पोरांनी फटाक्यांच्या माळा लावलेल्या. नवरदेव पाटावर बसलेला. धवलारीण दगडाबाई, म्हणजे आमच्याकडे लग्नात गाऊन विधी चालवणारी म्हातारी, तिने धवला धरला आणि मध्येच थांबवला. पहिली हळद घरातल्या मोठ्याची. मोठा कुठाय?

मोठा वर, नवं धोतर नेसून, खाली यायला निघालेला आणि जिन्याच्या वळणावर अडकलेला. मी धावत गेले. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, खांदे वर गेलेले, तोंड उघडं, आणि शब्द नाही. खिडकीतून धूर आत येत होता. मी फळीवरून पंप-मास्क काढून आणला. त्यांनी हाताने ढकलला. जिन्याखाली नवरीकडची माणसं उभी होती, वर बघत. व्याह्यांसमोर, गावासमोर, गोमाजी पंप तोंडाला लावणार? त्यांनी मान हलवली. त्यांचे ओठ निळे पडत होते आणि ते मान हलवत होते. "मरताय की काय मानापायी!" मी ओरडले. मला कुणाची लाज वाटत नव्हती, नुसती भीती वाटत होती. हे खालून रिक्षा आणायला पळाले.

तेवढ्यात परकरपोलक्यातली मयू माणसांच्या पायांमधून वर आली. एवढा वेळ ती बँजोसमोर नाचत होती, मी स्वतः बघितलेलं. येताना तिने तिचं जुनं नळकांडं आणलेलं, बाहुल्यांच्या डब्यातून. आजाच्या समोरच्या पायरीवर ती बसली, छातीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खोकली.

"आजा," ती म्हणाली, "माझी छाती भरली. मला पंप घ्यायचाय. पन आदी तू."

गोमाजींनी तिच्याकडे बघितलं. ती डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिली. मग त्यांनी कठड्यावरचा एक हात सोडला आणि माझ्यासमोर धरला. मी मास्क लावला. फुस्स. थांबून परत. फुस्स. डॉक्टरांनी सांगितलेलं तसं सावकाश देत राहिले. खांदे खाली आले. ओठांना रंग आला. खाली दगडाबाईने काय चाललंय ते न समजून पुन्हा धवला धरला.

"आता तुझा," ते म्हणाले. शब्द फुटला एकदाचा.

मयूने स्वतःचं नळकांडं तोंडाला लावलं. त्याला पंप नव्हताच. तिने गाल फुगवले आणि तोंडानेच आवाज काढला, "फुस्स."

एवढे दिवस तिने त्यांना तपासलेलं, आता पाळी त्यांची. मला वाटलं आता म्हणतील, फुस नाय झालं. पण ते तिच्या डोक्यावर हात ठेवून खाली उभ्या असलेल्या व्याह्यांना मोठ्याने म्हणाले, "पोरीला दमा हाय आमच्या. तिच्यासाठी मना आदी घ्यावा लागतो."

लग्नाला आडवं येईल म्हणून ज्या शब्दाला घरात बंदी होती, तो त्यांनी अख्ख्या गावासमोर पोरीच्या नावावर लावला. मी तोंड उघडलं होतं. पण त्याआधी मयू उठून उभी राहिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "हो. मला दमा हाय." आणि आजाचं बोट धरून त्याला एकेक पायरी खाली घेऊन गेली. पहिली हळद त्यांनीच लावली. मागून रिक्षा घेऊन हे आले तर माझा एक डोळा हसतोय आणि एक रडतोय. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. मान डोलवा." त्यांनी डोलावली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बापाला रिक्षात घातलं आणि शीला डॉक्टरांकडे नेलं. सोबत मयूला घ्यावं लागलं, हे सांगायला नकोच.

आता ती चौथीत आहे. धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली. सकाळी केसांना रिबिनी बांधत असते, दप्तर भरायचं असतं, शाळेची घाई असते. आणि खुर्चीतून हाक येते, "मयू, ये गो बाय, तुझी पंपाची टायम झाली."

ती म्हणते, "आले, आजा." आणि जाते.